दोक्कारच्या माळा

आदरणीय मामा,

जेब्बाहून भाचा लझहरचा सलाम. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी त्रास करून घेऊ नका म्हणून सांगितलंच असेल. तेव्हा हे पत्र ताईकडून वाचून घेताना पाठ टेकून बसा.

बागेत सगळं ठीक आहे. म्हणजे पाणी वेळेवर दिलं, भिंत शाबूत आहे, गाढव पोटभर खातंय. (अंजिरांकडे येतोच आहे, मामा, जरा दम धरा.) तुम्ही सांगितल्याप्रमाणे आपल्या दोक्कारची, त्या एकुलत्या नर अंजिराची, सगळी फळं उतरवली आणि पाच-पाचच्या माळा ओवल्या. उजाडायच्या आत मादी झाडांवर टांगायच्या, हेही लक्षात होतं. पण बाहेर मुंग्या लागतील म्हणून मी त्या जपून बैठकीत ठेवल्या आणि ऊन तोंडावर येईपर्यंत झोपलो. उठून पाहतो तर फळांतल्या, पराग नेणाऱ्या इवल्या माश्या बाहेर येऊन खिडकीच्या काचेवर मिरपूड सांडल्यासारख्या. तुमच्या अंजिरांसाठी निघालेलं सगळं वऱ्हाड माझ्या पडद्यांवर. घाबरून खिडकी उघडली, तर वारा नेमका शेजारच्या मबरूकाबाईंच्या बागेकडे वाहणारा. बायकोची लग्नातली जाळीची ओढणी घेऊन मागे धावलो (ती अजून बोलत नाही). सात हाती लागल्या, त्यांतले दोन डास निघाले.

मामा, चार दिवसांत माश्या मिळाल्या नाहीत तर सगळी अंजिरं कच्चीच गळून पडतील. गावात सगळ्यांचे दोक्कार उतरवून झाले. उशिरा पिकणारा एकच राहिला, मबरूकाबाईंचा. ज्यात माशीसुद्धा संसार मांडणार नाही, असं तुम्ही अकरा वर्षांपूर्वी भरल्या कॉफीखान्यात म्हणाला होतात, तोच. तेव्हापासून तुमचा दोघांचा अबोला. मी मान खाली घालून भिंतीवरून विचारलं. त्या म्हणाल्या, "ने हव्या तेवढ्या माळा. पण हमादीला म्हणावं, त्याच कॉफीखान्यात उभा राहून शब्द मागे घे." मी म्हटलं, मामांना विचारून सांगतो.

तब्येतीला जपा.

तुमचा,
लझहर

ता. क. टाकायचा धीर होईना म्हणून पत्र चार दिवस खिशातच राहिलं. विचारून सांगतो म्हटलं ते खरं, पण दुसऱ्याच पहाटे मी तुमच्या वतीने हो म्हणून माळा टांगल्यासुद्धा. अंजिरं धरली आहेत. एकही गळालेलं नाही.

आणखी एक ता. क. येत्या शुक्रवारी नमाज झाल्यावर कॉफीखान्यात तुमच्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे, तेवढं या. डोळ्यावर पट्टी असली तरी चालेल, बोलायचंच तर आहे, असं मबरूकाबाई म्हणतात. वर म्हणाल्या, "नर माझा, झाडं त्याची. आता आम्ही व्याही झालो. व्याह्याशी किती दिवस अबोला धरणार?"