एकासारखी दिसणारी दांडी

४ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

तुझ्या मावशीवर संकट आलंय, आणि तेही काठीसारखं उभं. सासूबाईंच्या भाषेचा शब्दकोश टाइप करून झाल्याचं तुला कळवलंच होतं. त्यांची लिपी सिरिलिक, रशियन लिहितात ती. तिच्यातलं एक अक्षर म्हणजे नुसती उभी दांडी. आमच्या कीबोर्डवर ती नाही, म्हणून मी तिच्या जागी बिनधास्त एकचा आकडा दाबत गेले. छापल्यावर कुणाच्या बापाला फरक कळला असता!

काल ग्रंथालयातल्या बाईंनी कोश संगणकावर चढवला, तर दांडीचा एकही शब्द शोधून सापडेना. सासूबाईंचं नाव तर यंत्राने घेतलंच नाही, नावात आकडा चालत नाही म्हणे. घरी येऊन सासूबाई चहा ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, की त्यांच्या गावचं बोलणं बोलणाऱ्या आता त्या एकट्याच उरल्यात, आणि सांगितलेलं कुणाला सापडणारच नसेल तर सांगितलं कशाला. मला ते फार लागलं.

महिनाअखेरीस कोश सगळ्यांना खुला होणार. तुझे काका म्हणतात, एवढीशी दांडी, सोडून दे. मी सोडणार नाही. काय करायचं ते लगेच कळव.

तुझी आशा धरून बसलेली,
मावशी

९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अगं, संगणकाला रूप दिसत नाही, क्रमांक दिसतो. जगातल्या प्रत्येक अक्षराला असा एक ठरलेला क्रमांक आहे. तुझ्या दांडीचा वेगळा, एकच्या आकड्याचा वेगळा. जुळ्या बहिणी, पण घरं निराळी, आणि तू आजींचं टपाल शेजारणीकडे टाकत राहिलीस.

सोबतची छोटी फाइल संगणकावर बसव. मग उजवा ऑल्ट धरून एक दाबलास की खरी दांडी उमटेल. मुद्दाम तीच कळ ठेवलीय, तुझ्या बोटांना तिचंच वळण लागलंय. आधीचे आकडे मात्र मी बदलून देते, कोश माझ्याकडे पाठव. तू हात लावू नकोस, तुझी घाई मी ओळखून आहे.

काकांना नमस्कार. रागावू नकोस, माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठमी

१५ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

लावला हात. सगळे एक एका फटक्यात बदलले आणि वर जतनही करून टाकलं. शब्द सुधारले, पण आता पानांचे क्रमांक, सालं, आपल्या घराचा पत्ता, जिकडेतिकडे दांड्याच! काका म्हणाले, आगीतून फुफाट्यात. त्यांना हसू आवरेना. मग मधली काही पानं त्यांनी स्वतः टाइप केली होती ती मी उघडली, तर तिथे दांडीच्या जागी इंग्रजी मोठा आय निघाला. तेव्हा हसू थांबलं.

तुझ्याकडे पाठवणार नाही. मी घाण केली, मीच निस्तरणार. सासूबाई मधल्या खुर्चीवर बसून शब्द म्हणतात, काका आय खोडतात, मी आकडे जागेवर आणते. पाठ मोडून आलीय, पण आम्ही तिघंही हटलो नाही.

तुझी हट्टी,
मावशी

३१ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

झालं गं! आज सकाळी कोश खुला झाला. यंत्राने सासूबाईंचं नाव मुकाट्याने घेतलं. ग्रंथालयातल्या बाईंनी तुझी फाइल तिथल्या संगणकावरही घातली आणि सासूबाईंनाच आधी बसवलं. त्यांनी एका हाताने ऑल्ट धरला, दुसऱ्या हाताचं बोट एकवर ठेवलं, आणि त्यांची आई त्यांना ज्या लाडक्या नावाने हाक मारायची तो शब्द शोधला. सापडला. खाली त्यांनीच सांगितलेला अर्थ.

मला मोठ्याने वाचायला लावलं. माझा उच्चार दोनदा सुधारला. मग म्हणाल्या, आई गेल्यापासून या नावाने कुणी बोलावलेलं नाही. मला रडू आलं, लपवायचं कशाला.

दुपारी घरी आल्यावर मी त्याच नावाने हाक मारली. स्वयंपाकघरातून त्यांनी ओ दिली.

माझा जितका जीव तुझ्यावर आहे, तितकाच तूही मला लावत राहा.

मावशी