गूळ आणि तणस

२८ नोव्हेंबर
केवळरामभाऊजी पुन्हा आले. बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, आम्हा दोघांची सामाईक. "वहिनी, काऊन हट्ट करून राहिल्या? उन्हाळी धानाचा टॅक्टर येऊन राहिला. तणशीला काडी लावतो, बांधी मोकळी."
नाही म्हटलं. गेल्या वर्षी याच बांधीत कापणीनंतर उरलेली तणस पेटली. हे एकटेच विझवायला धावले — आणि चौघांनी त्यांचा देहच उचलून आणला. इथे पुन्हा आग नाही.
तणस कुजवून खत करते म्हटलं. शेवटी भाऊजी म्हणाले, टॅक्टर येईतो कुजली तर ठीक. नाहीतर काडी.

३० नोव्हेंबर
तणशीचा ढीग रचला. शेण, पाणी, कृषी केंद्रातलं जीवाणूंचं द्रावण. वरून गुळाचं पाणी. रोज देणार. पाहुणेच ते!

९ डिसेंबर
ढिगात हात घातला. थंडगार. कुजत असता तर तापला असता. काडी तशीच पिवळी. गूळ वाढवला.

१२ डिसेंबर
भाऊजी बांधावरून म्हणाले, "तुमचे जीवाणू गूळ खाऊन झोपले का जी?" शेजारची देवकाबाई हसली. मला हसू आलं नाही.

१३ डिसेंबर
वाचनालयातून मातीवरचं पुस्तक आणलं. तेच पान परत परत वाचलं. जीवाणू तणस गिळत नाहीत. अंगातून विकर सोडतात, पाचकरसासारखं. ते काडी विरघळवतं, मग जीवाणू ती खातात. पण गोड आयतं मिळालं तर विकर बनवतच नाहीत! आणि बनवायला नत्र लागतं. तणशीत ते जेमतेम.
म्हणजे भाऊजींची थट्टाच खरी. मीच लाड केले.
गूळ बंद. ढीग उकरून नत्रासाठी गोमूत्र आणि थोडं युरियाचं पाणी दिलं.

१८ डिसेंबर
कोमट? देवकाबाईलाही हात घालायला लावला. "गरम हाय व माय," म्हणाली.

२३ डिसेंबर
टॅक्टर उद्याच येतो. भाऊजींनी काडीपेटी खिशात ठेवलेली दाखवली.

२४ डिसेंबर
सकाळी ढिगातून पांढरे लोट. मी पोचले तर भाऊजी अनवाणी, बादली घेऊन धावत येत होते. "वहिनी, दूर सरका!" — काडीपेटी ज्यांच्या खिशात, तेच!
आग नाही, वाफ आहे म्हटलं. हात घालून बघा. आतली काडी काळी, बोटांत चुरली. ते बादली खाली ठेवून बांधावर बसले.

२५ डिसेंबर
भाऊजींनी काडीपेटी माझ्या चुलीपाशी ठेवली. "गेल्या साली असाच धावलो असतो तं —"
बसा म्हटलं. गूळ उरला होता, चहा केला.