व्हिएन्ना, सव्वादोन तास

मेडनहेड,
५ एप्रिल २०२५

प्रिय गंधार,

अनेक आशीर्वाद. आम्ही तिघंही बरे आहोत. उदयला सर्दी झालीये आणि तो ती कौतुकाने मिरवतोय. तनयाच्या दहावीच्या, म्हणजे जीसीएसईच्या परीक्षा महिन्यावर आल्यात, त्यामुळे घरात सध्या तिचंच राज्य. फोनवर तू 'सगळं ठीक' म्हणून दोन मिनिटांत ठेवतोस, म्हणून हे पत्र.

मी ३ मेला व्हिएन्नाला येतेय. एकटीच. तिकीट काढलंय. साधारण साडेबाराशे किलोमीटर, हीथ्रोहून सव्वादोन तास. परवा ट्रेनिंगसाठी नॉटिंगहॅमला गेले, तर ट्रेनने त्याहून जास्त वेळ लागला.

पाडव्याला ईलिंगला सुलक्षणाआत्याकडे जेवायला होतो. श्रीखंड वाढताना आत्या नेहमीचंच म्हणाली, "सव्वादोन तासांचं विमान. दादा जाताना गंधारला तेवढंही जमलं नाही."

दर वर्षी मी खाली मान घालून जेवते. या वेळी तनयाने विचारलं, "आई, मामाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

मी म्हणाले, "त्याने मला विचारलं होतं, निघू का म्हणून. मीच नको म्हटलं."

आत्या वाढायची थांबली. "अगं, मग अडीच वर्षं गप्प का बसलीस?"

त्याचं उत्तर तुला देते.

त्या मंगळवारी तुझा फोन आला. "ताई, संध्याकाळचं विमान मिळतंय, निघू का?" मी म्हणाले, "घाई नको, शनिवारी ये. बाबा सुधारतायत." बाबा सुधारत नव्हते. सकाळचे रिपोर्ट मी वाचले होते. तसे रिपोर्ट हातात आले की मी पेशंटच्या मुलांना सरळ सांगते, आजच या. तुला 'ये' म्हटलं असतं, तर ते जाणार हे मलाही कबूल करावं लागलं असतं. ते माझ्याच्याने झालं नाही. डॉक्टर असूनही.

आणखी एक आहे. बाबांनी तुझ्याबद्दल दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी सांगितलं, "निघालाय तो." गुरुवारी दुपारी ते गेले.

क्रिमेटोरियमच्या बाहेर सगळे तुला बोलत होते. मी शेजारी उभी होते. तू माझं नाव घेतलं नाहीस, मीही तोंड उघडलं नाही. रिपोर्ट वाचून घाबरले, हे मी स्वतःला माफ करू शकते. त्या दिवशीचं गप्प राहणं मात्र नाही.

आत्याला आता सगळं ठाऊक आहे. बाकीच्यांनाही मी एकेकाला फोन करून सांगितलंय. कुणी रागावलं, कुणी रडलं. मला मात्र बऱ्याच दिवसांनी नीट झोप लागतेय.

हॉटेल बुक केलंय, तेव्हा तुझ्यावर ओझं नाही. शनिवारी दुपारी तीन वाजता तुझी बेल वाजवेन. दार उघडलंस, तर शेवटच्या तीन दिवसांत बाबा काय काय बोलले ते सगळं सांगेन. त्यातलं बरंचसं तुझ्याबद्दल होतं. ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, उदयलासुद्धा. नाही उघडलंस, तर रागावणार नाही. रविवारी सकाळी पुन्हा वाजवेन.

खाली 'ताई' मुद्दामच लिहिलेलं नाही. म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

तुझी,
आश्लेषा