पानावर टांगलेलं

३ एप्रिल
आज नवऱ्याने कुकरच्या झाकणाने. कारण — डाळीत मीठ कमी. आधी सगळं जेवला, मग मारलं! पाठीवर गोल उमटलाय. अक्षदा दारात उभी होती. तेरा वर्षांची माझी पोर, पण आता रडत नाही, नुसती बघत राहते. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

वही त्याने मागच्या वर्षी गॅसवर धरली, म्हणून मी इथे लिहिते. ऑफिससाठी ब्राउझरची एक्स्टेन्शनं, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम, बनवते, हे एक स्वतःसाठी बनवलं. पाककृतींचं पान उघडायचं, तीन कळा दाबायच्या — पानावर माझी चौकट येते. तो मागून आला की चौकट गायब. समोर भोपळ्याचे घारगे.

५ एप्रिल
हितेंद्र म्हणाला, "तासभर घारग्यांवरच? पीएचडी करतेस काय गं?" आणि हसला.

६ एप्रिल
परीक्षा संपली की अक्षदाला घेऊन निघेन.

८ एप्रिल
डाव्या हाताने लिहितेय. उजव्याची बोटं त्याने ड्रॉवरमध्ये धरली आणि ड्रॉवर गुडघ्याने बंद केला. दोनदा.

"परीक्षा संपली की अक्षदाला घेऊन निघेन — काय?" असं म्हणत.

हे वाक्य मी कुणाशीही बोलले नाही. अक्षदाशीसुद्धा नाही. फक्त इथे लिहिलं होतं.

९ एप्रिल
हे घरच्या लॅपटॉपवर नाही, ऑफिसातच लिहून ठेवतेय. वरळीच्या ऑफिसात श्रेयाला कोड दाखवला. माझी बॉस, माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

"ताई, हे काय! चौकट दाखवायला पानात सोडलेल्या स्क्रिप्टला मजकूर द्यायचा, तर तुम्ही तो पानावरच टांगलाय? चौकट मिटली तरी राइट-क्लिक करून 'इन्स्पेक्ट'ने पानाच्या आतलं उघडलं की कुणीही वाचेल."

"मग कसा द्यायचा?" मला माहीत होतं. तरी विचारलं.

"स्क्रिप्ट आत सोडतानाच तिच्या हातात द्यायचा. पानाला पत्ता लागता कामा नये."

ऑफिसच्या कामात मी हे कधीच केलं नसतं. घरचंच तर आहे, म्हणून केलं. घरचंच!

मग ती म्हणाली, "आणि ही बोटं?"
"ड्रॉवरमध्ये अडकली."
"चारही?"

तिने आपल्या माटुंग्याच्या घराची किल्ली माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, एक खोली रिकामीच आहे.

११ एप्रिल
दुरुस्त केलं. आता हा मजकूर थेट चौकटीच्या स्क्रिप्टकडे जातो, पानावर काही राहत नाही.

पण जुनी जागा मी रिकामी ठेवलेली नाही. आज तिथे टांगलं — "उद्या ह्यांच्यासाठी घारगे करेन."

१२ एप्रिल
चपला काढायच्या आधीच — "घारगे झाले?"
वाचतो. रोज वाचतो!

१६ एप्रिल
माटुंगा. श्रेयाचा लॅपटॉप.

शेवटचा पेपर सुटल्यावर अक्षदाला शाळेतूनच आणलं. तिने विचारलं नाही कुठे. दप्तर पोटाशी धरून टॅक्सीत बसली.

निघताना रोजनिशी पेनड्राइव्हवर घेतली, तिथली पुसली. लॅपटॉप लालबागच्या घरी टेबलावर, पान उघडंच. टांगलेला मजकूर — "कमलमावशीच्या खोलीवर जाते. चिंचपोकळी, खोली नऊ."

मावशीला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून खोलीला कुलूपच आहे. बडव म्हणावं कुलूप! तेवढ्यात आम्ही वकिलाकडे पोचू.

जेवले. दोनदा भात घेतला.

१७ एप्रिल
दीपकदादाचा फोन. सख्खा भाऊ, पण इतकी वर्षं "जरा सांभाळून घे" म्हणणारा. आज आवाज वेगळा.
"हितेंद्रला पोलिसांनी उचललं."
"कुलूप तोडलं म्हणून?"
"कुलूप कसलं गं! मावशीच्या लेकाने, गुणाजीने, खोली वर्षापूर्वीच भाड्याने दिलीय. कौसल्याबाई म्हणून आहेत, एकट्याच असतात. ह्याला वाटलं, त्यांनी तुला लपवलंय. दार तोडून आत शिरला."
"त्यांना किती लागलंय?"
"मनगट मोडलं. डोक्याला अकरा टाके."

१८ एप्रिल
इस्पितळात गेले. कौसल्याबाई सत्तरीच्या असतील. चांगल्या हाताने त्यांनी माझी सुजलेली बोटं हातात घेतली.
"कोणाक शोधी होतो गो तो?"
"मला," मी म्हटलं. "आणि तुमच्या खोलीचा पत्ता मीच त्याला दिला."
त्यांनी हात सोडला.