खाडीतल्या बेटावर एक ओहोटी

डोंबिवली, १९८८

प्रिय गोमाजी,

तुझ्या बहिणीला परत आणायला मला एक चप्पल आणि अख्खी ओहोटी खर्चावी लागली. पण आणली मीच!

डोंबिवलीच्या आमच्या ब्लॉकात जीव गुदमरतो म्हणून माहेरी येऊन बसलेली मंजुळा तुमच्या होडीत चढताना म्हणाली, "फक्त माझी ट्रंक न्यायला येतेय."

वाटेत बेटाशी पाणी उतरलं, होडी रुतली. ढकलायला मी रुबाबात उतरलो, तर चिखलाने चप्पलच गिळली. मंजुळा खळखळून हसली.

"अहो, भरतीशिवाय होडी निघायची नाही. बसा इथं बेटावर." मग हळूच, "खाडीकडच्या खिडकीपुढचं कपाट हलवाल?"

"आजच."

"मग ट्रंक राहू दे तिथंच."

जीव भांड्यात पडला बघ.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू गावभर वाचून दाखवशील. होडी घरापर्यंत तिनेच वल्हवली.

तुझा एका चपलेचा मेहुणा,
उत्तम