बसायला आणि पडायला

४ फेब्रुवारी

पोचले एकदाची! आधी बस, मग जीप, आणि शेवटचा चढ पाठीवर सामान घेऊन पायी. पाय मोडलेत, पण मन खूश आहे. खोली लहान आहे. लोखंडी खाट, पत्र्याचं छप्पर, एक टेबल. खिडकीतून मात्र थेट रिंगण दिसतं: माळावर गोलात उभे केलेले एकोणीस दगड, एकेक पुरुषभर उंच. कुणी उभे केले, कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही. तीन आठवड्यांत मला प्रत्येक दगडाचं मापात चित्र काढायचंय. आम्ही इथे चौघं. सर, जे बोलतात कमी आणि खेकसतात जास्त. फोटो काढणारी ताई. स्वयंपाक, राखण आणि जीप असं सगळंच सांभाळणारे काका. आणि मी. आईला फोन केला तर म्हणाली, दगडांशी डोकं लावायला एवढ्या लांब कशाला गेलीस, घरात तुझे बाबा होते की! ताईसुद्धा ऐकून हसली.

६ फेब्रुवारी

पहिल्याच दगडावर एक पक्षी येऊन बसला. घारीएवढा, राखी, मानच नसल्यासारखा. उंची मोजायला टेप वरपर्यंत न्यावी लागते, आणि हा मधोमध ठाण मांडून. टाळ्या वाजवल्या, चटई झटकली, हातात होती नव्हती ती पेन्सिल फेकली. ढिम्म. शेवटी त्याच्यासकट चित्र काढलं. सरांनी कागद बघितला आणि म्हणाले, पक्ष्यांची चित्रं काढायला बोलावलेलं नाही तुला.

७ फेब्रुवारी

तो दगड पडला. हजारो वर्षं उभा होता, आज सकाळी बघते तर आडवा! सरांच्या मते मी बुडाशी खुंटी ठोकली म्हणून. खुंटी चांगली चार हात लांब होती. टेप धरून दाखवलं, तरी नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! अख्खा दिवस खुलासा लिहिण्यात गेला.

१० फेब्रुवारी

आणखी दोन पडले. दोन्हींवर आदल्या दिवशी तोच बसला होता. शेवटी हिय्या करून सरांना सांगितलं. ते चष्मासुद्धा न काढता म्हणाले, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ! काका पातेलं घासत होते. मान वर न करता म्हणाले, कावळा असता तर बरं झालं असतं. पुढे काही विचारलं तर बोलेनात.

१२ फेब्रुवारी

सहा चित्रं झाली, त्यातले पाच दगड आडवे. उभ्या दगडाची मापं घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आडव्याची, असा दुप्पट खटाटोप. सर म्हणतात कामाला वेग नाही. कसा असेल! काल तो पक्षी ताईच्या कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या तिकाटण्यावर बसला होता. आज ते तिकाटणं बंद खोलीत, सपाट फरशीवर, कुणी हात न लावता कॅमेऱ्यासकट कोसळलं. भिंगाचा चुरा. ताई आधी रडली, मग तिने त्या पक्ष्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

१४ फेब्रुवारी

काकांनी शिडी आडवी करून ठेवली. झाडू, कुदळी, खुर्च्यासुद्धा. म्हणाले, उभं काही ठेवू नका. सर तावातावाने खुर्च्या पुन्हा सरळ करत फिरले. या दोघांच्या मधे माझं टेबल दोनदा उलटं झालं, शाई कागदावर सांडली, आठवं चित्र गेलं. वैताग आलाय नुसता. नोकरी सोडावी का?

१५ फेब्रुवारी

आज सरांचा संयम संपला. काठी घेऊन ओरडत रिंगणात शिरले. पक्षी उडाला, पहिल्यांदाच, अजिबात आवाज न करता, आणि त्यांच्या खांद्यावर बसला. सर थोडा वेळ तसेच उभे राहिले. परत आले ते हसत. म्हणाले, अगं, वजनच नाही त्याला.

त्यांना हसताना मी आजवर पाहिलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

सकाळी सर बेसिनपाशी दात घासत होते. पडले. तोल गेला, चक्कर आली, असं काही नाही. ओंडका पडावा तसे सरळ. हातसुद्धा पुढे आला नाही. मी दोन पावलांवर होते.

त्यांना जीपच्या मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं ताईच्या मांडीवर. काका गाडी चालवणार. मला जागाच नव्हती. काका म्हणाले, उद्या येतो न्यायला, तोवर बाहेर पडू नकोस पोरी. आणि मग, मागे वळून, शक्यतो बसूनच राहा.

१७ फेब्रुवारी, सकाळ

ताईचा फोन. सर वाटेतच गेले. ती बोलत होती आणि मला खिडकीतून रिंगण दिसत होतं.

एकही दगड उभा नाही.

पक्षी कुठे दिसत नाही.

दुपार

जमिनीवर बसून लिहितेय. पाणी आणायला रांगत गेले. स्वतःचाच राग येतो — शिकलेली बाई, आणि रांगतेय! चालत खाली उतरावं म्हटलं तर उभं राहावं लागेल. काकांचा फोन लागत नाही. जीपचा आवाज येतोय असं तीनदा वाटलं. तीनदा फसले.

खाट आडवी केली. टेबल आडवं. माझी उंच बाटली, तीसुद्धा. आता खोलीत उभं काहीच नाही. मी पण नाही. बस म्हणावं कुठे बसतोस ते!

तीन वाजता

पत्र्यावर नखं.

एकदा इकडे. एकदा तिकडे. मग थांबला. बसला.

मी आडवी आहे. मी उभी नाही, मला काय करणार — पण भिंती — उद्यापर्यंत थांबत नाहीत, आत्ताच करकरताहेत —

दार चार हातांवर आहे. रांगत गेले तर — कडी वर आहे, उभं राहिल्याशिवाय हात पोच