सगळ्या होल्यांचे नाव 'अजून नाही'

सालातिगा, सोमवार

आदरणीय पाकदे,

१. गेल्या मंगळवारी होला संघाच्या वेबसाइटवरून सगळ्या पक्ष्यांची नावे पुसली गेली.

२. ती त्रिस्नोने पुसली. मुद्दाम नाही.

३. नावे मी परत आणली. तुमच्या होल्याचे सोडून.

४. रविवारी घुमण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी आहे. निनावी पक्ष्याचा पिंजरा खांबावर चढवत नाहीत.

५. ईदला त्रिस्नो तुमच्याकडे आला होता. आमच्या लग्नात मला वराच्या हाती सोपवणारे वली म्हणून तुम्ही बसाल का, हे विचारायला. बापाक गेले, मला भाऊ नाही, तेव्हा वडिलांचे थोरले भाऊ म्हणून ती जागा तुमची. तुम्ही "अजून नाही" म्हणालात. या मुद्द्याचा वरच्या चारांशी संबंध नाही. हकिगत पूर्ण असावी म्हणून लिहिला.

आता रीतीप्रमाणे. काका-काकू म्हणून तुमच्या आणि बुदेंच्या गुडघ्यांवर माथा टेकून नमस्कार (बुदेंच्या डाव्या गुडघ्यावर, उजवा दुखतो असे कळले). त्यांनी पाठवलेला शेंगदाण्याच्या कुरकुरीत पेयेकचा डबा पोहोचला. ऑफिसात उघडल्यामुळे मला त्यातला चुराच मिळाला. चुरा उत्तम होता. आईची तब्येत बरी आहे. तुमचे नाव निघाले की तिचा रक्तदाब जरा वाढतो, पण गोळ्या चालू आहेत.

तर नावांचे असे झाले. आमचे ऑफिस सांभाळते त्या संघाच्या वेबसाइटवर प्रत्येक होल्याच्या पायातल्या कडीचा नंबर असतो आणि त्यापुढे "नाव" असा एक कॉलम होता. एक कॉलम पुरायला हवा. पण सभासद गप्प बसत नाहीत. पक्षी हरला की नाव बदलतात, विकला की नवा मालक बदलतो. (तुम्ही स्वतः एकाचे नाव तो हरला म्हणून बदललेत, मग जिंकला म्हणून बदललेत, आणि शेवटी बुदेंना शेजाऱ्याच्या नावासारखे वाटले म्हणून बदललेत. तक्रार नाही, उदाहरण म्हणून सांगते.) तेव्हा त्रिस्नोने ठरवले की "नाव" या कॉलमचे "सध्याचे नाव" करायचे आणि शेजारी "आधीचे नाव" असा नवा कॉलम जोडायचा. निर्णय बरोबर होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे त्याच्या बाजूने लिहिण्यासारखे थोडेच आहे.

असा बदल डेटाबेसमध्ये हाताने करत नाहीत. आम्ही वापरतो ते फ्रेमवर्क जुना आराखडा आणि नवा आराखडा शेजारी ठेवून पाहते आणि काय पाडायचे, काय बांधायचे याची फाइल स्वतःच लिहून देते. त्या फाइलला मायग्रेशन म्हणतात. यंत्र कामसू आहे, पण त्याला एवढेच दिसते की एक कॉलम गेला आणि दोन नवे आले. जुन्यानेच नवे नाव घेतले, की जुना मेला आणि नवा जन्मला, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून ते माणसाला विचारते: "नाव" याचेच "सध्याचे नाव" केले का? हो की नाही? एक अक्षर दाबायचे असते.

त्रिस्नोने "नाही" दाबले.

त्याची आई तुम्ही पाहिली आहे. त्या घरात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हटलेले नाही. चहा विचारला की नको, पुन्हा विचारला की कशाला त्रास, आणि तिसऱ्यांदा पेला हातात येतो तेव्हा तो दोन्ही हातांनी घ्यायचा. अशा घरात वाढलेल्या माणसासमोर यंत्राने एकदाच विचारले. मी त्याच्या टेबलाशी उभी राहून चौकशी केली, ती जशी झाली तशी देते.

"नाही का म्हणालास?"

"मला वाटलं, पुन्हा विचारेल."

"कोण?"

"ते."

"यंत्र?"

"पहिल्याच फटक्यात हो म्हणायचं म्हणजे अगदी हपापल्यासारखं दिसतं गं."

"कुणाला दिसतं, त्रिस्नो?"

यावर तो खिडकीबाहेर पाहू लागला. पाहण्यासारखे तिथे काही नाही, दुचाक्या लावतात.

यंत्राने नाही म्हणजे नाहीच धरले. जुना कॉलम पाडा, नवा बांधा, अशा दोन ओळी लिहिल्या. मग विचारले की नोंदलेल्या पक्ष्यांच्या नव्या कॉलममध्ये सध्या काय भरू? त्रिस्नोने टाइप केले: "अजून नाही". (आपल्याकडे जेवलात का, लग्न झाले का, नातवंडे आहेत का, कशालाच नुसते नाही म्हणत नाहीत. मेलात का विचारले तरी हेच उत्तर येईल.) शिवाय दोन होल्यांचे सध्याचे नाव एकच असू नये, अशी अट त्याने त्या कॉलमला घातली होती. ती अटही बरोबरच होती.

फाइल चालली. पाडण्याचे काम झाले. बांधताना डेटाबेसला दिसले की सगळे पक्षी "अजून नाही" आहेत, म्हणजे सगळ्यांचे नाव एक, म्हणजे अट मोडते. काम तिथेच थांबले. आमचा डेटाबेस असा आहे की पाडलेले आपण होऊन उभे करत नाही. त्रिस्नोने अट काढून टाकली आणि फाइल पुन्हा चालवली. तेव्हा यंत्र म्हणाले, जो कॉलम पाडायला सांगता तो सापडत नाही. त्याने ती ओळही काढली. तिसऱ्यांदा सगळे सुरळीत झाले आणि पडद्यावर हिरवी खूण आली. तो खूश होऊन टोफू आणायला गेला.

तासाभरात सराव फेरीच्या मैदानावरून संघाचे निवेदक पाक दार्माजी यांचा फोन आला. फोनवरूनच मागचा गोंगाट ऐकू येत होता. त्यांनी नेहमीप्रमाणे यादी उघडून भोंग्यावर वाचायला घेतले होते. पहिल्या खांबावर, अजून नाही. दुसऱ्या खांबावर, अजून नाही. मंडळी आधी हसली, मग मालक चिडले. "माझा होला केव्हाचा वर बसलाय, डोळे फुटले का?" असे एकजण ओरडला.

"मुली," पाक दार्माजी मला म्हणाले, "मी निवेदक आहे की सरकारी कचेरी?"

दुरुस्ती सोपी होती, फक्त क्रमाने करायला हवी होती. आधी वेबसाइटवर नोंदी थांबवल्या. रविवारचा बॅकअप बाजूला वेगळा उघडला, चालू डेटाबेसवर ओतला नाही. मायग्रेशन हाताने लिहिले: कॉलम रिकामा चालेल असा ठेवा, कडीच्या नंबराप्रमाणे नावे आणून भरा, आणि दोन नावे सारखी नसावीत ही अट सर्वांत शेवटी घाला. आधी नकलेवर चालवून पाहिले, मग खऱ्यावर. पहिल्याच खेपेला चालले. आता ऑफिसात नियम आहे की यंत्राने लिहिलेली फाइल चालवण्याआधी माणसाने मोठ्याने वाचायची. त्रिस्नो वाचतो. आवाज चांगला आहे त्याचा.

तुम्ही होल्याची नोंद केलीत सोमवारी. म्हणून बॅकअपमध्ये तो नाही.

हे ऐकून त्रिस्नो तुमच्याकडे पुर्वोरेजोला येऊन क्षमा मागतो म्हणाला, गेथुक मिठाईची पेटीसुद्धा घेऊन आला. मी त्याला जाऊ दिले नाही. "तू जाशील, पाकदे आत ये म्हणतील, तू नको म्हणशील आणि ओट्यावरून परत येशील," मी म्हटले. गेथुक आम्ही खाल्ले. तो बरा माणूस आहे, पाकदे. माझ्या तोंडून याहून जास्त निघत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमची पुतणी,
वेनिंग

ता. क. होल्याचे नाव बुदेंनी मला बुधवारीच फोनवर सांगितले. यादीत घातले आहे, रविवारी तो खांबावर चढेल. म्हणजे वरचा तिसरा मुद्दा चुकीचा आहे. तो दुरुस्त केला असता तर पत्र लिहायला कारण उरले नसते.

ता. क. बुदेंनी आणखी एक सांगितले. ईदला तो निघून गेल्यावर तुम्ही "पोरगा पुन्हा येईल विचारायला" म्हणालात आणि बाटिकचा चांगला सदरा इस्त्री करून ठेवलात. पाकदे, तो येणार नाही. तुम्ही नकार दिलात असे समजून तो तेव्हापासून गप्प आहे, आणि तुम्ही त्याची वाट पाहत आहात. दोन सभ्य माणसांच्या मधे माझे लग्न अडकले आहे.

ता. क. म्हणून आता मी विचारते. वली म्हणून बसाल का? विवाह नोंदणीच्या कचेरीत वलीचे नाव शुक्रवारी द्यायचे आहे. कृपया गुरुवारपर्यंत उत्तर कळवा.